मॅग्नस: सम्राटाच्या बिरुदाचं नाव कसं झालं

बाळासाठी नाव शोधणाऱ्यांच्या याद्यांमध्ये 'मॅग्नस' या नावापुढे एकच ओळ असते: मूळ लॅटिन, अर्थ 'थोर'. ओळ खरी आहे, पण तिने कोडं सुटत नाही, तिथून ते सुरू होतं. लॅटिन ही रोमची भाषा. तिच्या पोटी जन्मलेल्या इटालियन, फ्रेंच, स्पॅनिश भाषा बोलणाऱ्या देशांत हे नाव आज क्वचितच कानावर येतं. आणि जिथे रोमन साम्राज्याची हद्द कधी पोचलीच नाही त्या नॉर्वे, स्वीडन आणि आइसलंडमध्ये ते अगदी घरचं आहे. एकट्या नॉर्वेत या नावाचे सात राजे होऊन गेले. आपल्याकडे बुद्धिबळ खेळणाऱ्या प्रत्येकाला मॅग्नस कार्लसन माहीत असतो. मग रोमचं विशेषण इतक्या उत्तरेला, तेही माणसाचं नाव होऊन, कसं पोचलं?

याचं उत्तर एका बाळंतपणाच्या रात्रीत आहे.

साधारण १०२४ सालची गोष्ट. नॉर्वेचा राजा ओलाफ हाराल्डसन झोपला होता आणि काहीही झालं तरी आपल्याला उठवायचं नाही असा त्याचा हुकूम होता. त्याच रात्री आल्फहिल्ड नावाची बाई बाळंत झाली. ती राजाची लग्नाची बायको नव्हती, त्याच्याकडे कामाला होती. मूल मात्र राजाचं होतं. ते इतकं अशक्त होतं की जगेल अशी कुणालाच आशा वाटेना. देश नुकता ख्रिस्ती होत होता आणि बाप्तिस्म्याविना गेलेलं मूल सैतानाच्या हाती जातं, अशी तेव्हाची श्रद्धा होती. धर्मगुरूला घाई झाली, पण राजाला उठवायला कोणी धजेना. तेव्हा राजाच्या मर्जीतला आइसलंडी कवी सिग्वत थोर्डारसन पुढे झाला. बाप्तिस्मा उरकून घ्या, जबाबदारी माझी, असं त्याने सांगितलं. नावही त्यानेच ठेवलं: मॅग्नस.

सकाळी राजा खवळला. आपल्या घराण्यात नसलेलं हे नाव आणलंस कुठून, असं त्याने विचारलं. सिग्वत म्हणाला की 'कार्लामॅग्नुस' राजावरून ठेवलं, कारण माझ्या माहितीत जगात त्याच्यापेक्षा थोर माणूस झालेला नाही. राजाचा राग निवळला.

ही हकिगत स्नोरी स्टुर्लुसन या आइसलंडी इतिहासकाराने लिहून ठेवली आहे, आणि तीही घटनेनंतर सुमारे दोनशे वर्षांनी. त्यामुळे संवाद शब्दशः असेच झाले असं मानायचं कारण नाही. पण नॉर्वेच्या राजघराण्यातला पहिला मॅग्नस हाच मुलगा, आणि त्याचं नाव शार्लमेन या सम्राटावरून आलं, हे अभ्यासकांनी स्वीकारलेलं आहे.

राजाला राग का आला, हे समजून घेतलं की या नावाचं वेगळेपण कळतं. त्या काळची नॉर्स, म्हणजे जुन्या स्कँडिनेव्हियाच्या भाषेतली, नावं बहुतेक दोन तुकडे जोडून बनलेली असत. हाराल्ड म्हणजे सैन्य आणि सत्ता. ओलाफ या नावाच्या मुळाशी पूर्वज आणि त्याच्यामागे उरलेला वारस अशा कल्पना आहेत. हे तुकडे ऐकणाऱ्याला ओळखीचे वाटत. त्याहून महत्त्वाची रीत अशी की मुलाला शक्यतो घराण्यातल्या एखाद्या मेलेल्या माणसाचं नाव द्यायचं. नावाबरोबर त्या माणसाचं नशीब आणि कर्तबगारीही मुलाकडे येते अशी समजूत होती. म्हणजे नाव हा घराण्याच्या मालकीचा ऐवज होता आणि तो कुणाला द्यायचा हे बापाने ठरवायचं. सिग्वतने बापाला न विचारता बाहेरचं नाव आणलं, आणि तेही ज्याचे तुकडे कुणालाच ओळखू येणार नाहीत असं.

आता 'कार्लामॅग्नुस' कोण ते पाहू. ८०० साली रोममध्ये सम्राट म्हणून राज्याभिषेक झालेला आणि ८१४ मध्ये वारलेला फ्रँक राजा कार्ल. लॅटिनमध्ये त्याला 'कारोलुस माग्नुस', म्हणजे 'थोर कार्ल' म्हणत. फ्रेंच जिभेवर त्याचंच 'शार्लमेन' झालं. त्याचं नाव कार्ल, 'माग्नुस' हे बिरुद. सिग्वतने नाव सोडलं आणि बिरुद उचललं. त्याला लॅटिन कितपत येत होतं हा वेगळा प्रश्न, पण नॉर्स भाषेत हा शब्द ज्या पद्धतीने वावरला त्यावरून एक गोष्ट स्पष्ट होते. लॅटिनमध्ये 'माग्नुस'मधला 'उस' हा नुसता प्रत्यय आहे, षष्ठीत तो गळून 'माग्नी' होतो. नॉर्स भाषेने हा प्रत्यय ओळखलाच नाही. तिने अख्खा शब्द गिळला आणि त्यापुढे स्वतःचे प्रत्यय लावले. म्हणून मॅग्नसचा मुलगा 'मॅग्नुसन' झाला. विशेषण म्हणून त्या शब्दाची ओळख पुसली गेली आणि उरलं ते निव्वळ नाव.

इथे आपल्यासाठी एक सुखद नातं निघतं. लॅटिन 'माग्नुस', ग्रीक 'मेगास' आणि संस्कृत 'महत्' हे तिन्ही शब्द एकाच आदिम इंडो-युरोपीय धातूपासून आलेले आहेत. महाराष्ट्र, महात्मा, महाजन यांतला 'महा' आणि मॅग्नस हे दूरचे भाऊबंद आहेत. नॉर्स भाषेत 'मोठा' या अर्थी 'मिकिल' हा शब्द होता. तोही याच कुळातला, आणि इंग्रजीतला 'मच'सुद्धा. सिग्वतने आणलेलं परकं नाव मुळात घरच्याच एका शब्दाचं चुलत भावंड होतं, आणि हे त्याला कळायला काहीच मार्ग नव्हता.

पण माझं म्हणणं असं की या नावाच्या प्रवासात अर्थाचा वाटा फार थोडा आहे. सिग्वतने 'थोर' हा अर्थ पाहून नाव दिलं नाही, एका माणसाकडे पाहून दिलं. पुढच्या हजार वर्षांतही लोकांनी हे नाव ठेवलं ते आधीच्या एखाद्या मॅग्नसकडे पाहूनच. म्हणून नावाचा इतिहास समजून घ्यायचा तर ती माणसं बघायला हवीत.

पहिला मॅग्नस जगला. त्याचा बाप ओलाफ १०३० मध्ये स्टिक्लेस्टाडच्या लढाईत आपल्याच देशातल्या बंडखोर सरदार-शेतकऱ्यांकडून मारला गेला, आणि लवकरच लोक त्याला संत मानू लागले. मुलगा तेव्हा कीव्हच्या यारोस्लावकडे आश्रयाला होता. १०३५ मध्ये त्याला परत आणून गादीवर बसवलं, तेव्हा तो जेमतेम अकरा वर्षांचा होता. थोडा मोठा झाल्यावर त्याने बापाच्या विरोधकांवर सूड उगवायला सुरुवात केली. शेतकरी पुन्हा बंडाच्या तयारीला लागले. राजाला समज द्यायची कुणी? ते काम पुन्हा सिग्वतकडे आलं. ज्याने नाव ठेवलं होतं त्यानेच आता राजासमोर कविता म्हटली: तू दिलेला शब्द मोडतो आहेस, म्हातारी माणसं माना खाली घालून गप्प बसली आहेत, हे लक्षण चांगलं नाही. या कवितेला 'स्पष्ट बोलाचे श्लोक' म्हणून ओळखतात. राजाने ऐकलं, सूड थांबवला आणि इतिहासात तो 'मॅग्नस द गुड', म्हणजे भला मॅग्नस, म्हणून राहिला. मला या सगळ्या कथेत हा प्रसंग सर्वांत मोलाचा वाटतो. कवीने राजपुत्राला थोर माणसाचं नाव देणं सोपं आहे, पुढे त्या नावाला जागायला लावणं अवघड.

१०४२ मध्ये मॅग्नस डेन्मार्कचाही राजा झाला आणि १०४७ मध्ये ऐन तारुण्यात वारला. त्याला मुलगा नव्हता. इथे जुनी रीत कामाला आली. त्याचा काका हाराल्ड हार्डराडा याला १०४८ च्या सुमारास मुलगा झाला, त्याचं नाव ठेवलं मॅग्नस. तो दुसरा मॅग्नस १०६९ मध्ये गेला. त्याच्या भावाला १०७३ मध्ये मुलगा झाला, त्याचंही नाव मॅग्नस. सिग्वतने बाहेरून आणलेलं नाव पन्नास वर्षांत घराण्याचं झालं होतं.

हा तिसरा मॅग्नस म्हणजे 'अनवाणी' मॅग्नस. स्कॉटलंड आणि आयर्लंडच्या मोहिमांवरून परतल्यावर तो आणि त्याची माणसं तिकडच्यासारखे आखूड अंगरखे घालून उघड्या पायांनी फिरत, म्हणून हे टोपणनाव पडलं, असं सांगतात. १०९८ मध्ये त्याचं आरमार वेल्सजवळच्या मेनाय सामुद्रधुनीत लढत होतं. त्याच्या जहाजावर आणखी एक मॅग्नस होता: स्कॉटलंडच्या उत्तरेकडच्या ऑर्कनी बेटांच्या जार्लचा, म्हणजे तिथल्या सत्ताधीश सरदाराचा, तरुण मुलगा मॅग्नस एर्लेंडसन. ऑर्कनीच्या जार्लांवरची जुनी आइसलंडी गाथा सांगते की या मुलाने शस्त्र उचलायला नकार दिला. इथल्या कुणाशीही माझं भांडण नाही, असं म्हणून तो बाणांच्या वर्षावात जहाजावर बसून स्तोत्रं म्हणत राहिला. राजाने त्याला भेकड ठरवलं. तो पुढे रात्रीच्या वेळी जहाजावरून निसटला.

एकाच जहाजावरच्या या दोघांनी नाव दोन वेगवेगळ्या दिशांना नेलं. राजा ११०३ मध्ये आयर्लंडच्या अल्स्टरमध्ये लढताना मारला गेला, पण तिकडच्या संबंधांमधून नाव गेलिक भाषेत उतरलं. 'मानुस' झालं, आणि 'मानुसचा मुलगा' यावरून मॅकमॅनस हे आयरिश आडनाव आलं. १५३२ मध्ये संत कोलंबाचं चरित्र सिद्ध करून घेणारा डोनेगलचा सरदार मानुस ओ'डॉनेल याच नावाचा धनी.

आणि तो 'भेकड' मुलगा? तो पुढे ऑर्कनीचा जार्ल झाला. चुलतभाऊ होकॉन याच्याबरोबर सत्ता वाटून घ्यावी लागली आणि दोघांचं बिनसलं. १११७ च्या सुमारास एगिल्से नावाच्या छोट्या बेटावर समेटासाठी भेट ठरली. दोघांनीही मोजकी माणसं आणायची असं ठरलं होतं. होकॉन जास्त माणसं घेऊन आला. मॅग्नसने जीव वाचवण्यासाठी तीन पर्याय सुचवले, त्यांत स्वतःला कैदेत ठेवण्याचाही होता. पण सरदारांना एकच जार्ल हवा होता. होकॉनच्या निशाणधारकाने घाव घालायला नकार दिला, तेव्हा ते काम त्याच्या स्वयंपाक्यावर, लिफोल्फवर आलं. तो रडू लागला. मॅग्नसने त्याला धीर दिला आणि डोक्यावर घाव घाल असं सांगितलं, असं गाथेत आहे.

लोक त्याच्या समाधीवर जाऊ लागले, चमत्कारांच्या कथा पसरल्या. १११७ नंतरच्या वीसेक वर्षांतच, ११३७ मध्ये, त्याचा भाचा रोग्नवाल्ड याने ऑर्कनीतल्या कर्कवॉल गावात संत मॅग्नसच्या नावाने तांबड्या-पिवळ्या वालुकाश्माचं कॅथीड्रल बांधायला घेतलं. ते आजही उभं आहे. १९१९ मध्ये दुरुस्तीचं काम चालू असताना तिथल्या एका खांबात लाकडी पेटी सापडली. आत हाडं होती आणि कवटीवर जबर घावाची खूण होती. गाथेतल्या वर्णनाशी ती जुळते.

नाव राजवाड्यातून बाहेर पडून सामान्य घरांत शिरलं त्यात या संताचा हात मोठा आहे. राजाचं नाव उचलायला माणूस बिचकतो, संताचं नाव ठेवणं मात्र भक्तीचं काम. ऑर्कनी, शेटलंड, फेरो बेटं, आइसलंड इथे ते खोल रुजलं. उत्तर स्कॉटलंडमधलं मॅन्सन हे आडनाव म्हणजे झिजलेलं 'मॅग्नुसन'.

राजघराण्यातही नाव चालूच राहिलं, आणि त्यातला सर्वांत महत्त्वाचा राजा लढाईमुळे लक्षात राहिलेला नाही. त्याचा बाप होकॉन चौथा स्कॉटलंडच्या अपयशी मोहिमेवरून परतताना डिसेंबर १२६३ मध्ये कर्कवॉलला वारला. वसंतात जहाज बर्गेनला निघेपर्यंत त्याचं शव संत मॅग्नसच्याच कॅथीड्रलमध्ये ठेवलं होतं. मुलगा मॅग्नस गादीवर आला आणि त्याने १२६६ मध्ये पर्थच्या तहाने हेब्रिडीज आणि आयल ऑफ मॅन पैसे घेऊन स्कॉटलंडला देऊन टाकले. जी बेटं 'अनवाणी' मॅग्नसने तलवारीने धाकात आणली होती, ती या मॅग्नसने करार करून सोडली. मग त्याने सगळं लक्ष घरात घातलं. तोवर नॉर्वेत चार प्रदेशांचे चार कायदे होते. १२७४ मध्ये त्याने सबंध देशाला एकच कायदा दिला. खुनाचा सूड नातेवाइकांनी घेण्याची रीत मोडून शिक्षेचा अधिकार राज्याकडे आणला. त्यातलं एक कलम मला फार भावतं: काम मिळत नसल्यामुळे उपाशी माणसाने जीव वाचवण्यापुरतं अन्न चोरलं, तर त्याला शिक्षा नाही. हा कायदा १६८७ पर्यंत, चारशेहून जास्त वर्षं टिकला. राजाला लोक 'लागाबोते', म्हणजे कायदा सुधारणारा, म्हणतात.

स्वीडनमध्येही त्याच सुमारास मॅग्नस नावाचा राजा होता. त्याचं टोपणनाव 'लादुलोस', म्हणजे कोठाराचं कुलूप. प्रवासी सरदारांनी शेतकऱ्यांकडून फुकट दाणापाणी उकळू नये म्हणून त्याने निर्बंध घातले, त्यावरून हे नाव पडलं, असा पारंपरिक खुलासा आहे.

नाव सामान्यांत गेलं की त्याला सामान्यांची जीभ लागते. नॉर्वेजियन लोक आजही ते साधारण 'मांग्नुस' असं उच्चारतात. रोजच्या बोलण्यात ते अजून झिजलं: नॉर्वेत मॉन्स, स्वीडनमध्ये मोन्स, डेन्मार्कमध्ये मोगेन्स. फिनलंडमध्ये 'माउनो' झालं. १९८२ ते १९९४ या काळात फिनलंडचे राष्ट्राध्यक्ष असलेले माउनो कोइविस्तो हे या अर्थाने मॅग्नसच. २०१५ ची युरोव्हिजन स्पर्धा जिंकणारा स्वीडिश गायक मोन्स सेल्मेरलोव्हही तसाच. स्वीडन-नॉर्वेत बोक्यालाही लाडाने हेच छोटं नाव देतात.

झिजलेलं नाव उलट दिशेनेही गेलं आहे. १५३९ मध्ये उत्तर युरोपचा समुद्री राक्षसांनी भरलेला प्रसिद्ध नकाशा छापणारा स्वीडिश पंडित ओलाउस माग्नुस. त्याच्या नावाचा अर्थ 'थोर ओलाउस' असा कुणालाही वाटेल. प्रत्यक्षात त्याच्या वडिलांचं नाव मोन्स होतं. 'मोन्सचा मुलगा' हेच त्याने पंडितांच्या रिवाजाप्रमाणे लॅटिनमध्ये घातलं. शार्लमेनचं बिरुद नाव झालं, नावाचं मोन्स झालं आणि मोन्सचं पुन्हा बिरुदासारखं दिसणारं माग्नुस.

आइसलंडमध्ये अजूनही बहुतेकांना आडनाव नसतं. आपल्याकडे मधलं नाव वडिलांचं असतं, तिथे शेवटचं तसं असतं: मॅग्नसचा मुलगा मॅग्नुसन, मुलगी मॅग्नुसदोत्तिर. १७२८ च्या कोपनहेगनच्या आगीतून आइसलंडी हस्तलिखितांचा मोठा भाग वाचवणारे आर्नी मॅग्नुसन यांचं नाव या पद्धतीचं. 'जगातला सर्वांत बलवान माणूस' ही स्पर्धा चार वेळा जिंकणारा मॅग्नुस वेर मॅग्नुसन याचंही. पण बीबीसीवरचा 'मास्टरमाइंड' हा प्रश्नमंजूषेचा कार्यक्रम २५ वर्षं चालवणारे मॅग्नस मॅग्नुसन यांच्या वडिलांचं नाव मॅग्नस नव्हतं, सिगुरस्टेइन होतं. कुटुंब स्कॉटलंडला स्थायिक झालं आणि आजोबांवरून आलेलं 'मॅग्नुसन' ब्रिटिश पद्धतीने आडनाव होऊन गोठलं. आइसलंडमध्येच वाढले असते तर ते मॅग्नुस सिगुरस्टेइनसन झाले असते.

कार्लसनकडे येऊ. १९९० मध्ये नॉर्वेतल्या टॉन्सबर्ग इथे जन्मलेल्या या खेळाडूने २०१३ मध्ये चेन्नईत विश्वनाथन आनंदला ६.५-३.५ असं हरवून जगज्जेतेपद घेतलं, तेव्हापासून हे नाव आपल्या घरांत आलं. त्याच्या नावाकडे आता नीट पाहा. कार्लसन म्हणजे कार्लचा मुलगा. म्हणजे 'मॅग्नस कार्लसन' या दोन शब्दांत कारोलुस माग्नुस हा सम्राट उलट्या क्रमाने अख्खा बसलेला आहे. हा योगायोगच, पण सिग्वतला आवडला असता.

एक घोळ मात्र टाळायला हवा. प्रत्येक 'मॅग्नस' स्कँडिनेव्हियाचा नसतो. मध्ययुगीन जर्मन विद्वान आल्बर्टुस माग्नुस आणि रोमन सेनानी पाँपेइयुस माग्नुस यांच्या बाबतीत ते बिरुदच आहे. आणि फिरकी गोलंदाजाचा चेंडू हवेत वळतो त्यामागचा 'मॅग्नस परिणाम' हा बर्लिनच्या हाइनरिश गुस्ताव मॅग्नस या शास्त्रज्ञाच्या आडनावावरून आला आहे, व्हायकिंगांशी त्याचा संबंध नाही.

आज स्वीडनमध्ये मॅग्नस नावाचा माणूस भेटला तर तो बहुधा पन्नाशी ओलांडलेला असतो, कारण तिथे या नावाची लाट १९६० आणि ७० च्या दशकांत होती. नॉर्वेत ती १९९० च्या दशकात आली, म्हणून तिकडचे मॅग्नस तरुण आहेत. नॉर्वेच्या युवराजांना २००५ मध्ये मुलगा झाला, त्याचं नाव त्यांनी स्वेरे मॅग्नस ठेवलं. नॉर्वेचा इतिहास माहीत असणारा या जोडीपाशी थबकतोच. या नावाचा पाचवा राजा मॅग्नस एर्लिंगसन ११८४ मध्ये सोग्नच्या खाडीत फिम्रेइतेच्या आरमारी लढाईत बुडाला, आणि त्याच्याविरुद्ध लढून ती गादी घेणाऱ्याचं नाव होतं स्वेरे. दोन हाडवैऱ्यांची नावं आता एकाच राजपुत्राला आहेत. त्याची मोठी बहीण इंग्रिड आलेक्सांद्रा वारसाक्रमात त्याच्या आधी आहे, त्यामुळे नॉर्वेला आठवा मॅग्नस राजा मिळायची शक्यता सध्या तरी दूरची आहे.